रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

रानपिंगळा हा मध्य भारतातल्या सागवानी जंगलांत राहणारा, जेमतेम २३ सेंटिमीटर लांबीचा, घुबडाच्या जातीचा शिकारी पक्षी. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले आणि शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव गोवले. नंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात शहाद्याजवळ काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र पक्षी कोणाच्या हाती लागला नाही.

अपवाद एकच, आणि तोच घातक ठरला. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला रानपिंगळा मिळाल्याचा दावा कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन यांनी केला होता. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच निघाला: संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला, खोटी चिठ्ठी बांधलेला. रासमुसेन यांनी मांडवी वगळून जुनी, खरी ठिकाणे धुंडाळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तोही सकाळच्या उजेडात, उघड्या फांदीवर!

पिंगळा म्हटले की मराठी माणसाला पहाटेच्या अंधारात भविष्य सांगत येणारा आठवतो. हा पिंगळा मात्र दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर, टोळ हे त्याचे खाद्य. गावाशेजारच्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले असते, रानपिंगळ्याचे जवळजवळ कोरे. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पायांवर दाट पांढरी पिसे, आणि बसल्या जागी शेपटी डावी-उजवीकडे हलवण्याची खोड. दुर्बिणीतून पाहताना एवढे पुरते.

पुढे तो तोरणमाळला सापडला, तसाच मेळघाटातही. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेचा हा डोंगराळ मुलूख. सिपना आणि गडगा या नद्यांच्या खोऱ्यांत विरळ साग, मधूनमधून मोकळी जमीन आणि ढोलीची जुनी झाडे असा त्याला मानवणारा मेळ आहे. ढोली नसेल तर वीण नाही. म्हणून वठलेले झाड तोडणेही त्याच्या मुळावर येते. शेतीसाठी जंगल साफ होणे आणि जादूटोण्यासाठी घुबडे मारणे ही संकटे वेगळीच.

२०१४ मध्ये तो आणखी एका अनपेक्षित जागी दिसला: मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या जंगलात.