दंडघेर पट्टीची कुळकथा

1967 ते 1970. बियाफ्राच्या युद्धात नायजेरियातली मुलं भुकेनं मरत होती. आधी कोणाच्या तोंडी घास द्यायचा हे ठरवायला वजनकाटे पुरेसे नव्हते. काटा मिळाला तरी मुलाचं नेमकं वय कोण सांगणार? तिथल्या क्वेकर मदतपथकानं मग एक काठी केली. मुलाचा दंड मोजायचा, त्या मापाची खूण काठीवर शोधायची आणि मुलाला तिला टेकून उभं करायचं. डोकं खुणेच्या वर गेलं, तर उंचीच्या मानानं दंड बारीक. या काठीला नाव पडलं ‘क्वॅक काठी’.

दंडच का? नीट पोसलेल्या मुलाचा दंड पहिल्या वर्षापासून पाचव्यापर्यंत फारसा जाड होतच नाही. बाळसं उतरतं, स्नायू भरतात, घेर जवळपास तेवढाच राहतो. उपासमारीत मात्र दोन्ही झडतात. डेरिक जेलिफ हे डॉक्टर साठच्या दशकात या मापाचा आग्रह धरत होते. वयाची अडचण त्यानं सुटली. उंची मोजायची काठी मात्र उरलीच.

तीही गेली. 1974 साली बगदादचे अदनान शाकिर आणि लंडनचे डेव्हिड मॉर्ली यांनी तीन रंगांची पट्टी पुढे आणली: आकडा वाचता आला नाही तरी रंग दिसतो. ती बनवायची कशाची, तर धुऊन काढलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मची. कापडी फीत वापरून ताणते, फिल्म ताणत नाही. इस्पितळाच्या अडगळीचं याहून चांगलं काही झालेलं मला तरी माहीत नाही! आपल्याकडे बांगडीचीही चाचणी होती. आतला व्यास 4 सेंमी. कोपरावरून वर सरकली, तर दंड साडेबारा सेंमीहून बारीक. पण बांगडी हो किंवा नाही एवढंच सांगते. मूल कुपोषित की तीव्र कुपोषित, ते नाही.

आज अंगणवाडीताई सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लावते त्या पट्टीवर साडेबाराच्या खाली पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. ही लाल रेघ पूर्वी 11 वर होती. 2009 मध्ये ती अर्ध्या सेंटिमीटरनं सरकली, आणि सव्वाअकराचा दंड असलेलं मूल तीव्र कुपोषितांत, म्हणजे उपचारांच्या यादीत आलं.

पुढे नायजरमध्ये पट्टी थेट आयांच्या हाती दिली. डावा दंड घेतला की उजवा, मध्य मोजून काढला की नजरेनं, फारसा फरक पडला नाही. आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोडीचीच मापं त्यांनी घेतली.