नान, कलिया आणि खाणाऱ्याचं म्हणणं

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, सॅन होजे या गावी. व्हिएतनामच्या बाहेर एकाच शहरात सगळ्यांत जास्त व्हिएतनामी माणसं राहतात ती तिथं. एका दुपारी मुलगी आणि तिच्या ऑफिसातली चार-पाच मराठी मुलं मला एका छोट्या व्हिएतनामी दुकानात जेवायला घेऊन गेली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फोटो लावलेला दरफलक, गल्ल्यावर एक वयस्कर बाई. मिळणारे पदार्थ मुख्यतः दोन. एक 'बान्ह मी', म्हणजे लांबट कडक पाव मधोमध चिरून त्यात मांसाचे काप, आंबवलेलं गाजर आणि मुळा, काकडी, कोथिंबीर, हिरवी मिरची. दुसरा 'फो', म्हणजे वाडगाभर रस्सा आणि त्यात तांदळाच्या शेवया.

जेवण सुरू झालं आणि आमच्या मुलांची मतंही सुरू झाली. एक म्हणाला, पाव इतका कडक की टाळू सोलून निघते. दुसरा म्हणाला, त्यातच तर मजा आहे, मऊ पाव हवा असेल तर दादरला जा. शाकाहारी मुलीनं टोफू घातलेला पाव घेतला होता. तिच्या मते हा वडापावच, फक्त वड्याच्या जागी टोफू. माझ्या मुलीला रस्सा पाणचट वाटला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी तिला खुणेनंच दाखवलं की आधी लिंबू पिळ, तुळशीसारखा पाला तोडून टाक, मिरची घाल आणि मग बोल. तिनं तसं केलं आणि मत बदललं. गल्ल्यावरच्या बाईंना यातलं काहीच कळत नसावं. त्या फक्त परत येणारे वाडगे बघत होत्या. कुणाच्या वाडग्यात रस्सा उरलाय, एवढंच.

या पावाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1859 साली फ्रेंचांनी सायगाव घेतलं. त्यांच्या सैन्याबरोबर आणि अधिकाऱ्यांबरोबर गव्हाचा पाव आला. ज्या देशात गहू पिकत नाही तिथला हा पाव. साहजिकच महाग, साहेबाच्या टेबलावरचा. लोक त्याला 'पश्चिमेचा पाव' म्हणत. 1954 मध्ये देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेकडून लाखो माणसं दक्षिणेत आली, सायगावात गाडे लागले, आणि साहेबाच्या लोण्याची जागा मुळ्याच्या लोणच्यानं आणि मिरचीनं घेतली. 1975 नंतर निर्वासित झालेल्या लोकांनी तोच पाव जगभर नेला. 2011 साली 'बान्ह मी' हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला. पाव आणला राज्यकर्त्यांनी, पण त्याची चव ठरवली रस्त्यावर उभं राहून खाणाऱ्यांनी. आपल्या पावाचंही तेच नाही का? 1510 साली पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांचा 'पाव' हा शब्दसुद्धा आपण जसाच्या तसा घेतला, आणि साडेचारशे वर्षांनी त्यात बटाटेवडा घातला. त्यांना ते सुचलं नव्हतं.

त्या दुकानात बसल्या बसल्या मला आपल्या शहागंजची आठवण झाली. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. मी सांगतोय ते दिवस औरंगाबादचे. त्यातून एक जुनं लज्जास्पद प्रकरण आठवलं, तेच आज सांगायचं आहे.

नान-कलिया ही आपल्या शहराची खास चीज. नान म्हणजे जमिनीतल्या भट्टीत भाजलेली जाड, फुगीर रोटी. वरून हळद आणि गुळाचं पाणी फिरवलेलं असतं म्हणून ती पिवळी-तांबूस दिसते आणि कडेला किंचित गोड लागते. कलिया म्हणजे तांब्याच्या कलई केलेल्या डेगीत शिजलेला मांसाचा रस्सा, वर बोटभर तरी. मुस्लिम लग्नांत दस्तरखान अंथरला की हेच जेवण. आणि जुन्या शहरात दुपारच्या वेळी हातगाडीवाल्यापासून कोर्टातल्या कारकुनापर्यंत अनेकांचं पोट भरायचं तेही यावरच.

मी इतिहासाचा मास्तर. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना नान-कलियाची गोष्ट सांगायचो. तुम्हीही ती ऐकली असेल. महंमद तुघलकानं 1327 साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं. एवढं मोठं लष्कर वाटेत खाणार काय? म्हणून मोठमोठ्या भट्ट्या खणल्या, हजारो माणसांना एका वेळी वाढता येईल असा हा बेत शोधून काढला. पुढं सुलतान परत गेला, पण नान-कलिया इथंच राहिला. गोष्ट सांगून झाली की पाहुणे खूश व्हायचे. आकाशवाणीवरही मी ती एकदा ठोकून दिली होती.

एकदा अशाच एका दुकानात पाहुण्यांपुढं माझं हे व्याख्यान चाललं होतं. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ नान मोडत बसले होते. मोटार दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्या दुकानाचे रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुगलक के जमाने में मिरची थी क्या?"

मी गप्प. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडं आली. वास्को द गामा कालिकतला पोचला तोच मुळी 1498 मध्ये. तुघलकाच्या लष्करानंतर पावणेदोनशे वर्षांनी. माझ्या पुढ्यातल्या ताटलीत तर लालभडक तरी तरंगत होती. म्हातारबुवा म्हणाले, नातीच्या पुस्तकात धडा आहे, मिरची अमेरिकेची. आणि पुन्हा खायला लागले. पाहुणे माझ्याकडं बघत होते.

घरी येऊन पुस्तकं काढली. राजधानी हलवल्याच्या हकिकती समकालीनांनी लिहिलेल्या आहेत. इसामी नावाचा कवी तेव्हा सोळा वर्षांचा होता. नव्वदीच्या आजोबांबरोबर त्याला दिल्ली सोडावी लागली. आजोबा पहिल्याच मुक्कामाच्या सुमारास, तिलपतला गेले. इसामी पुढं दौलताबादेत वाढला आणि 1350 साली त्यानं आपला काव्यमय इतिहास लिहिला. त्यात सुलतानाबद्दलचा जो संताप आहे तो आजोबांच्या मरणाचा आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी 1333 मध्ये हिंदुस्थानात आला. त्यानं ऐकलेली गोष्ट अशी, की दिल्लीत मागं राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरपटत आणण्याचा हुकूम झाला आणि इथं पोचला तो त्याचा फक्त पाय. अतिशयोक्ती असेल. पण त्या प्रवासाची लोकांच्या मनात काय आठवण होती, ते त्यावरून कळतं. अशा प्रवासाची मी पाहुण्यांना मेजवानीची गोष्ट करून सांगत होतो! मिरचीच्या चुकीपेक्षा ही चूक मला जास्त लागली.

हा इब्न बतूता मात्र खाण्याच्या बाबतीत पक्का गिऱ्हाईक. दिल्लीच्या दरबारी जेवणातल्या पातळ रोट्या, भाजलेलं मांस, खिम्याचे समोसे, सगळ्याची त्यानं नोंद केली आहे. दौलताबादला आल्यावर इथली द्राक्षं आणि डाळिंबं त्याला आवडली, वर्षातून दोनदा बहर येतो म्हणाला. किल्ल्यातले उंदीर मांजरापेक्षा मोठे, हेही लिहून ठेवलं. आणि नंदुरबारच्या प्रतिष्ठित मराठ्यांबद्दल लिहिलं, की हे लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना इजा करणं त्यांना आवडत नाही. म्हणजे इथं मांसाचा रस्सा आणि भट्टीची रोटी घेऊन येणारे आणि भात-भाजी खाणारे, असे दोन्ही एकाच मुलखात, एकाच काळात राहत होते.

'कलिया' हा शब्द जुना, अरबी, तळण्या-परतण्याशी संबंधित. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त शाही पदार्थांच्या यादीत कलिया आहे. त्यात मांस, तूप, कांदा, मिरे, लवंग, वेलची. मिरची नाही. तेव्हा नाव दिल्लीच्या बाजूनं आलं असेल, भट्टीही आली असेल, पण आज आपण ज्याला नान-कलिया म्हणतो तो त्या लष्करानं खाल्लेला नाही, खाणं शक्यच नाही. मधल्या पाच-सहाशे वर्षांत कुणीतरी म्हणालं असणार, जरा झणझणीत करा. कुणीतरी म्हणालं असणार, खोबरं-खसखस घाला, रस्सा दाट होऊ द्या. ही माणसं कोण, हे कुठल्याही बखरीत सापडत नाही.

बादशहाची मतं मात्र सापडतात. औरंगजेब साध्या राहणीचा म्हणून सांगितला जातो, ते खरंही आहे. पण त्याच्या पत्रांत एक पत्र मुलाला लिहिलेलं आहे. तुझ्याकडं थंडीत खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची चव आठवते, तुझा स्वयंपाकी मी मागितला होता, तू दिला नाहीस, निदान त्याचा एखादा शागीर्द तरी पाठव. ज्याचा हुकूम अर्ध्या हिंदुस्थानावर चालत होता, त्याला एक आचारी मिळेना. शहागंजजवळ ज्यांचा दर्गा आहे त्या निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याबद्दलही अशीच एक आख्यायिका आहे. पहिल्या निजामाला त्यांनी कुलचे खायला दिले, तो सात खाऊन थांबला, तेव्हा तुझं घराणं सात पिढ्या राज्य करील असं ते म्हणाले. निजामाच्या झेंड्यावरचा गोल कुलचा तो हाच, असं सांगतात. आता ही गोष्टही मी जपून सांगतो. 1763 साली निजामाची राजधानी हैदराबादला गेली. सरदार गेले, हत्ती गेले. भटारखाने आणि नानबाई बरेचसे इथंच राहिले असावेत, कारण नान करणारी घरं मी या शहरात लहानपणापासून पाहतो आहे.

लहानपणाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमचं घर शाकाहारी, सोवळ्यातलं. माझा एक वर्गमित्र बुढीलेनजवळ राहायचा. मोठेपणीही तो ईदच्या दिवशी आमच्याकडं नुसते नान घेऊन यायचा, कलिया अर्थातच नाही. आई ते आमटीत बुडवून खायची. तिचं मत ठरलेलं: "गोडसर आहे, पण चिंचगुळाच्या आमटीला चालतो." वरून अंड्याचा हात फिरवतात का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

1988 च्या मे महिन्यात शहरात दंगल झाली. संचारबंदी लागली. ती उठल्यावरही कितीतरी दिवस या बाजूचा माणूस त्या बाजूला जात नव्हता. पुढची ईद आली आणि गेली, मित्र आला नाही. मीही गेलो नाही. काय बोलायचं, हा प्रश्न होता. दिवाळीच्या आधी एक दिवस आई आमटी ढवळताना म्हणाली, "तुझा तो मित्र यंदा नान घेऊन नाही आला." एवढंच. मी सायकल काढली आणि त्याच्या घरी गेलो. दोघांनाही फार बोलता आलं नाही. मी म्हटलं, आई नान मागतेय. तो आत जाऊन चप्पल घालून आला आणि आम्ही नानबाईकडं गेलो. दुकान अर्धंच उघडं होतं. नानबाईनं सहा मोजून दिले आणि पैसे घेताना विचारलं, "कितने दिन बाद आए?"

मिरचीचा प्रश्न विचारणारे म्हातारबुवा नंतर माझे चांगले परिचित झाले. त्यांच्याजवळ शहरातल्या सगळ्या डेगींचा लेखाजोखा होता. अमक्याचा कलिया फार आंबट, तमका तरी वरून ओततो, शिजवून काढत नाही. लग्नातला कलिया दुकानातल्यापेक्षा चांगला, कारण तिथं डेग रात्रभर लाकडावर असते आणि घाईचं गिऱ्हाईक नसतं. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा त्यांच्या ओळखीच्या दुकानदारानं डेगीत काय शिजवायचं ते बदललं. म्हातारबुवांनी पहिल्या दिवशी चव घेतली आणि म्हणाले, रस्सा तोच आहे, पण खोल नाही. दुकानदार त्यांच्याशी वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून आंच आणखी मंद केली, तास वाढवले. दहा-बारा दिवसांनी म्हातारबुवांनी दुसरी ताटली मागितली. दुकानदारानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

गेल्या हिवाळ्यात मुलगी आली होती, तिला तिथं घेऊन गेलो. म्हातारबुवांचा बाक रिकामा होता; आजारी आहेत, घरी डबा जातो म्हणाले. मुलीनं नानचा तुकडा मोडला, तरीत बुडवला आणि म्हणाली, "बाबा, तिखट आहे." दुकानदारानं न विचारताच लिंबाची फोड आणि चिरलेला कांदा पुढं सरकवला. मग पाहुण्यांना सांगायची तुघलकाची गोष्ट त्यानं स्वतःच तिला सांगायला घेतली, भट्ट्या, लष्कर, हजारो माणसं, सगळं तसंच. मी खाली मान घालून जेवत राहिलो. त्याची गोष्ट संपल्यावर मुलीनं विचारलं, "काका, तेव्हा मिरची होती?"

तो मोठ्यानं हसला आणि आतल्या पोराला ओरडून म्हणाला, डब्यातली तरी कमी कर, म्हाताऱ्याला डॉक्टरनं मना केलंय.