पाटी एमएच-०२ची, गाडी लांज्याची

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण जुनी गाडी घ्यायच्या किंवा विकायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा. नसाल तरी वाचा, कारण कदाचित तुम्ही ती कधीच विकलेली असेल आणि कागदावर अजून तुमचीच असेल.

लांज्याच्या बाजारपेठेत पाच मिनिटं उभे राहा आणि गाड्यांच्या पाट्या वाचा. आपला रत्नागिरीचा एमएच-०८ तर आहेच, पण मधेमधे एमएच-०२ दिसतो, म्हणजे अंधेरी. एमएच-०३ म्हणजे वडाळ्याचं आरटीओ, कुर्ला-घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा पट्टा त्यात येतो. एमएच-४७ म्हणजे बोरिवली. गणपतीत आपण म्हणतो, चाकरमानी आले. पण गणपती जाऊन महिना झाला तरी या गाड्या इथेच असतात. त्या पाहुण्यांच्या नाहीतच. मुंबईत दहा-बारा वर्षं चाकरी करून गावाला आलेल्या आपल्याच गाड्या आहेत त्या. राज्यातल्या राज्यात गाडी गेली की नंबर बदलत नाही, फक्त मालकाचं नाव आणि पत्ता बदलतो. निदान बदलायला हवा. आजची पोस्ट त्या 'निदान'बद्दल आहे.

मीही नुकतीच अशी एक गाडी आणली. आईला महिन्यातून दोनदा रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यावं लागतं. एसटीत तिला आता चढवत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. बजेट सव्वादोन लाख. तालुक्याच्या पत्रकाराकडे सव्वादोन लाख कसे जमतात ते आमच्या व्यवसायातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी विचारू नये. मुंबईत निवड जास्त आणि भावही जरा नरम, म्हणून मुलुंडला मामांकडे मुक्काम टाकला.

मामा ७५ वर्षांचे. सत्तावीस वर्षं कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. आयुष्यभर फियाट बनवल्या आणि कामाला लोकलने गेले. गाडी बघायला सोबत त्यांच्यासारखा माणूस मिळणं म्हणजे भाग्यच.

पहिली गाडी घाटकोपरला, एलबीएस रोडवरच्या एका डीलरकडे. वॅगन आर, २०१३ची, एक लाख ऐंशी हजार. मामांनी बोनेट उघडून कान लावला, खाली वाकून पाट्या तपासल्या, एक्झॉस्टमध्ये बोट फिरवलं. "इंजिन चांगलं आहे," म्हणाले. मी टोकन द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात मामांनी विचारलं, "कागद कुणाच्या नावावर?"

"पहिल्या मालकाच्या. टीटी फॉर्म सही करून तयार आहे, काका."

"मालकाला फोन लावा."

डीलर जरा घुटमळला. मग म्हणाला, मालक दीड वर्षापूर्वी वारले. मी विचारलं, मग फॉर्मवर सही कुणाची? तर म्हणतो, "त्यांचीच की. जिवंत असताना केलेली. सही तर खरी आहे ना साहेब!"

मामा म्हणाले, "चल."

रिक्षात मी कुरकुरत होतो, चांगली गाडी गेली म्हणून. तेव्हा मामांनी जे सांगायला सुरुवात केली, त्यात मी घरी येऊन वाचून भर घातली. तो इतिहास सांगतो, कारण आजची भानगड तिथूनच आलेली आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ. त्यांचे सुटे भाग आणून इथे जोडणी व्हायची. शिवडीला जनरल मोटर्सचा असाच जोडणीचा कारखाना १९२८पासून होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवा. जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेली. प्रीमियर राहिली आणि १९५४पासून फियाट ११०० बनवायला लागली. पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली.

आता गंमत बघा. साठ-सत्तरच्या दशकात अख्ख्या देशात नव्या मोटारी मुख्यतः तीनच. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. किती बनवायच्या ते लायसन्सवर ठरलेलं. वाटप आणि विक्रीवर १९५९पासून सरकारी नियंत्रण. गाडीची वाजवी किंमत किती, हा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७१ साली कोर्टाला त्यावर निकाल द्यावा लागला. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मामा सांगतात, कुर्ल्याला त्यांच्या चाळीत एका गृहस्थाने लग्नानंतर फियाटला नंबर लावला होता. गाडी आली तेव्हा त्यात पहिल्यांदा बसून मुलगा शाळेत गेला.

त्यामुळे झालं काय, तर जुनी गाडी नव्यापेक्षा महाग! आज शोरूममधून गाडी बाहेर काढली की किंमत पडते. तेव्हा वाढायची. रांगेत उभं राहायचं नसेल तर जादा पैसे मोजा, त्याला 'प्रीमियम' म्हणायचे. ज्याचा नंबर लागला तो कधी कधी गाडी घरी न आणताच पुढे सरकवायचा. मात्र वाटपाची गाडी लगेच विकायला बंधनं होती. मग कागदावर एक आणि स्टिअरिंगवर दुसरा. नाव बदलायचं 'नंतर बघू'.

ते 'नंतर बघू' तेव्हा मजबुरीचं होतं. पुढे मजबुरी गेली, सवय राहिली.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, जवळपास पन्नास हजार रुपयांना. तिच्यासाठीही दहा हजार भरून लाखाहून जास्त लोकांनी नंबर लावले होते, आणि सुरुवातीची काही वर्षं तिच्यावरही प्रीमियम चालला. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला, एमएचच्या पाट्या आल्या. १९९३ साली मोटारींच्या उत्पादनाचं लायसन्स गेलं. १९९८मध्ये सँट्रो आली, इंडिका आली. बँका दारात येऊन कर्ज द्यायला लागल्या. मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या सोसायट्यांमध्ये स्कूटरच्या जागी मोटार उभी राहिली आणि पाच-सात वर्षांनी ती विकून दुसरी घ्यायची पद्धत पडली. तीन-चार दशकं दुर्मीळ असलेली वस्तू दहा वर्षांत ढिगाने झाली. लिंक रोडवर, एलबीएस रोडवर जुन्या गाड्यांच्या रांगा लागल्या त्या यानंतर. २००१मध्ये मारुतीने स्वतःच ट्रू व्हॅल्यू नावाने जुन्या गाड्यांची दुकानं काढली. आज देशात नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचे व्यवहार जास्त होतात.

आणि कुर्ल्याची फियाट? नव्या गाड्यांपुढे ती टिकली नाही. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. मामांनी ती बातमी टीव्हीवर बघितली आणि आवाज बंद केला, असं मामी सांगत होत्या.

या बाजाराचा एक काळा अध्याय २६ जुलै २००५चा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कलिना, कुर्ला, एलबीएस रोड पाण्याखाली. सोसायट्यांच्या आवारातल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून बाजारात आल्या आणि मुंबईबाहेर गेल्या. आपल्या भागातही 'मुंबईची गाडी, इलेक्ट्रिकल सारखं जातं' ही तक्रार तेव्हाच ऐकू यायला लागली. मामा अजूनही गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतात. बाकी सगळं धुता येतं, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते.

पण इंजिन, चिखल, पाडलेलं मीटर हे सगळं मेकॅनिकला कळतं. नावाचं काय?

६ फेब्रुवारी २०१८चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे. एका माणसाने २००७ साली गाडी विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. २००९ साली ती गाडी रिव्हर्स येताना अपघात झाला आणि एक मूल गेलं. तोवर गाडी तीन वेळा हात बदलून गेली होती, पण आरटीओत नाव पहिल्याचंच. कोर्टाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी गाडी कुणी कुणाला विकली हे शोधत फिरायचं का? कोर्टाचं म्हणणं रास्तच आहे. पण विचार करा, गाडी विकून दोन वर्षं झालीत, पैसे खर्च झालेत आणि दारात क्लेमची नोटीस आलीय.

कायदा तसा स्पष्ट आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. मालक वारला असेल तर वारसाने आधी स्वतःच्या नावावर करायची, त्याचा फॉर्म वेगळा, ३१ नंबरचा. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९-३० नंबरच्या फॉर्मवर, मयताची जुनी सही चालवणं म्हणजे निव्वळ फसवणूक.

मग लोक नाव का बदलत नाहीत? कारण मधल्या डीलरला ते नको असतं. त्याने स्वतःच्या नावावर घेतली तर खर्च, वेळ आणि कागदावर एक मालक वाढतो. 'फर्स्ट ओनर'ची गाडी 'सेकंड ओनर' झाली की भाव पडतो. म्हणून मालकाची कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत, सहा महिने, वर्षभर, गाडी दुसऱ्याच्या नावावर फिरवायची. त्या काळात ती कुणाकडे जाते, कुठे जाते, चलन कुणाच्या नावे फाटतं, मालकाला पत्ता नसतो.

यावर केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ला नियम काढले, १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की आरटीओला ऑनलाइन कळवायचं. तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरची. दुखणं बरोबर ओळखून काढलेला नियम आहे.

मी चार दिवसांत मुलुंड ते घाटकोपर आणि अंधेरी ते बोरिवली मिळून सात डीलर फिरलो. प्रत्येकाला ते अधिकारपत्र मागितलं. दोघांनी दाखवलं. तिघे हसले. एकाने 'अर्ज केलाय' म्हणून सांगितलं. आणि एकाने भिंतीवरचं गुमास्ता लायसन्स दाखवून विचारलं, "हेच ना?" नियम येऊन इतकी वर्षं झाली. परिवहन खात्याने एक दिवस एलबीएस रोडवर आणि एक दिवस लिंक रोडवर फेरी मारली तरी पुरे. आपल्याकडच्या आमदार-खासदारांनीही यात लक्ष घालावं, कारण या गाड्या शेवटी आपल्याच रस्त्यावर येतात आणि अपघात झाला की वणवण आपल्याच माणसांची होते.

अखेर गाडी मिळाली बोरिवलीला, थेट मालकाकडून. निवृत्त शिक्षक जोडपं, मुलगा परदेशात, काकांची नजर अधू झालेली. २०१४ची वॅगन आर, दोन लाख दहा हजार. घाटकोपरच्या गाडीपेक्षा तीस हजार जास्त. काकूंनी चहा दिला आणि आधी अट घातली, "पैसे आत्ता घेते, पण अर्ज इथेच टेबलावर करायचा. नाव बदलेपर्यंत मला झोप लागायची नाही." दोघांच्या मोबाइलवर ओटीपी आले, अर्ज गेला, मग चावी हातात. मामा परत येताना म्हणाले, "ते तीस हजार त्या बाईच्या झोपेचे समज. तुझ्याही."

माझ्याकडून एवढंच सांगणं:

गाडी बघायला जाण्याआधी परिवहनच्या अॅपवर नंबर टाका. विमा, मुदत, बँकेचा बोजा तिथे दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेली चलनं तपासा, ती घासाघिशीत वळती करून घ्या. नोंदणीची पंधरा वर्षं कधी संपतात ते मोजा, कारण फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांची ५,००० झाली आहे. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची तीन वर्षांची तपासणी झालीय का ते बघा. विमा १४ दिवसांत नावावर करा. मालकाशी प्रत्यक्ष बोला. तो बोलायला नसेल तर वारसाशी बोला. आणि विकत असाल तर कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असो.

गेल्या आठवड्यात नवं आरसी पोस्टाने घरी आलं. पाटी एमएच-४७च आहे. शेजारच्यांनी विचारलं, "पाव्हणे आलेत काय?" आईने कार्ड पुढे केलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

तुमची जुनी मारुती, मुलाची बाइक, वडिलांची स्कूटर, जी काही विकली असेल, तिचा नंबर आठवतोय का? आज रात्री अॅपवर टाकून बघा. नाव अजून तुमचंच निघालं तर उद्याच आरटीओ गाठा. आणि काय निघालं ते खाली कळवा.