काखेत कळसा, गावाला वळसा: घामावरच्या इंजेक्शनची दोनशे वर्षं

आजचा एपिसोड मी तीनदा रेकॉर्ड करायला घेतला आणि तीनदा बंद केला. विषय काखेतल्या घामाचा आहे, आणि तो घाम माझा आहे. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कुठून आलं म्हणाल, तर थोडं थांबा. यात विषारी सॉसेज आहे, अंत्यविधीला आलेलं बँडपथक आहे, अमेरिकन लष्कर आहे आणि एक कवीही आहे.

आधी माझं सांगतो. बी.टेक.च्या शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला आकाशी रंगाचा शर्ट घालून गेलो होतो. खोलीत एसी इतका जोरात होता की बाकीची पोरं हात चोळत बसली होती. माझ्या दोन्ही काखांखाली मात्र ताटलीएवढे ओले गोल. आत बोलावलं आणि व्हाइटबोर्डवर बायनरी ट्री काढायला सांगितलं. हात वर केला की सगळं दिसणार. मग मी कोपर अंगाला चिकटवून, बोर्डाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एवढंसं झाड काढलं. पॅनलमधल्या मॅडमनी विचारलं, "एवढं लहान का?" मी काहीतरी पुटपुटलो. उत्तर मला येत होतं हो, हात वर करता येत नव्हता.

त्याच वर्षी धीर करून एका डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "अरे, तरणाताठा मुलगा आहेस, घाम येणारच. पावडर लाव." पुढची चार वर्षं मी फक्त काळे टी-शर्ट घेतले.

हा आजार आहे का?

आहे, आणि त्याला नाव आहे: हायपरहायड्रोसिस. काखेपुरता असेल तर अ‍ॅक्सिलरी हायपरहायड्रोसिस. अस्वच्छतेशी याचा संबंध नाही. घामाच्या ग्रंथीही ठणठणीत असतात, फक्त नसांकडून त्यांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त हुकूम येत राहतात. २००४ साली अमेरिकेत एक मोठं सर्वेक्षण छापून आलं. त्यानुसार तिथल्या २.८ टक्के लोकांना हा त्रास होता, आणि त्यातल्या फक्त ३८ टक्क्यांनी तो कधी डॉक्टरांना सांगितला होता. म्हणजे बाकीचे माझ्यासारखेच, काळ्या टी-शर्टातले.

या आजारावर आज एक इंजेक्शन आहे, आणि त्या इंजेक्शनचा पहिला धागा १८२२ सालच्या एका पुस्तकात सापडतो.

कवी डॉक्टर आणि सॉसेजचं विष

जागा: जर्मनीतलं व्युर्टेंबर्ग. नेपोलियनच्या युद्धांनी लोक पार पिचलेले. गरिबीत मांस नीट शिजवलं जात नव्हतं, नीट टिकवलं जात नव्हतं, आणि घरी केलेली रक्ताची, काळजाची सॉसेजेस खाऊन माणसं मरत होती. युस्टिनुस केर्नर हा तिथला सरकारी डॉक्टर, आपल्याकडच्या तालुक्याच्या मेडिकल ऑफिसरसारखा. शिवाय त्याच्या काळातला नावाजलेला कवी.

केर्नर चिकाटीचा माणूस होता. १८२० साली त्यानं ७६ रुग्णांची नोंद छापली, १८२२ साली १५५ रुग्णांची. रोज एरर लॉग वाचणारा माणूस म्हणून सांगतो, त्या नोंदी वाचताना त्याच्याबद्दल आदर वाटतो. पापण्या लोंबतात, गिळता येत नाही, आवाज बसतो, पण शुद्ध शेवटपर्यंत शाबूत राहते. आणि सगळं कोरडं पडतं: डोळ्यांतलं पाणी, तोंडातली लाळ, घामसुद्धा. हे विष नसांकडून येणारा संदेश अडवतं, असा अंदाज त्यानं बांधला. त्यानं मांजरं, ससे, बेडूक यांच्यावर प्रयोग केले आणि शेवटी विषाचे थेंब स्वतःच्याच जिभेवर ठेवून पाहिले. घसा कोरडा पडला.

आता खरी गोष्ट. पुस्तकाच्या शेवटाकडे केर्नर उलटा विचार करतो. हेच विष अगदी थोड्या प्रमाणात दिलं तर? जिथे नसा जरुरीपेक्षा जास्त काम करतात तिथे ते औषध ठरेल का? उदाहरणं देताना तो अंगाचे झटके घेतो, आणि शरीरातून प्रमाणाबाहेर वाहणारे स्रावही घेतो. त्यात घाम आहे! मात्र हा केवळ तर्क आहे, खरंखोटं पुढचे लोक ठरवतील, असंही त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

पुढच्या लोकांनी १७० हून जास्त वर्षं घेतली.

बँडपथक, बॅक्टेरिया आणि मांजराचा पंजा

विष कोण तयार करतं हे कळायला १८९५ साल उजाडलं. बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडपथकानं खारवलेलं हॅम खाल्लं. ३४ वादक होते, बरेच आजारी पडले, तिघे दगावले. गेंट विद्यापीठातले प्राध्यापक एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून एक बॅक्टेरिया वेगळा काढला. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलस म्हणतात, त्यावरून नाव पडलं बोटुलिनस. बोटॉक्समधला 'बोट' तो हाच.

मग १९३४. हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी ब्रिटनमध्ये मांजराच्या पंजावर प्रयोग केले, कारण मांजराला घाम तिथेच येतो. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसा अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात, असं त्यांनी दाखवलं. हे नवल होतं, कारण त्या जातीच्या नसा बहुतेक ठिकाणी वेगळंच रसायन वापरतात.

आणि १९४९. आर्नॉल्ड बर्गन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बोटुलिनम विष स्नायूंच्या नसांमधून नेमकं अ‍ॅसिटिलकोलीनच बाहेर पडू देत नाही.

दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघा. घामाला अ‍ॅसिटिलकोलीन लागतं, आणि हे विष अ‍ॅसिटिलकोलीन अडवतं. फक्त बेरीज करायची बाकी होती. पण काखेतल्या घामासाठी ती व्हायला आणखी ४५ हून जास्त वर्षं लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतक्या शब्दशः दुसरीकडे कुठे लागू पडेल असं मला वाटत नाही!

दरम्यान लोक काय करत होते?

काही जण अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लावत होते. ते लागू पडतं, आजही पहिला उपाय तोच आहे, पण कातडी चुरचुरते. काहींची ऑपरेशनं होत होती. १९२० पासून घामाचा हुकूम नेणारी छातीतली नस कापायची पद्धत सुरू झाली. तिचा तोटा असा की काख कोरडी होते आणि पाठीतून, पोटातून घामाच्या धारा लागतात.

आणि शरम वाढत होती. १९१९ साली अमेरिकेत ओडोरोनो नावाच्या घामरोधकाची एक जाहिरात एका महिला मासिकात आली. तुमच्या घामाचा वास येतो, आणि तो तुम्हालाच कळत नाही, असा तिचा सूर. चिडून सुमारे २०० वाचकांनी मासिक बंद केलं, पण ओडोरोनोचा खप दुपटीच्या वर गेला. घाम म्हणजे वास, वास म्हणजे गबाळेपणा, ही गाठ अशा जाहिरातींनी घट्ट केली. मग ज्याला खरंच आजार आहे, तो तोंड कशाला उघडेल?

शस्त्रातून औषध

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधल्या केंद्रात या विषावर काम झालं. जैविक शस्त्र म्हणून ते कोण वापरेल याची धास्ती होती. तिथेच एडवर्ड शान्ट्झ हे शास्त्रज्ञ विष शुद्ध करण्यात तरबेज झाले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर ऑपरेशनऐवजी दुसरा उपाय शोधत होते. जास्त ओढणारा डोळ्याचा स्नायू जरा सैल करायचा होता. शान्ट्झनी त्यांना विष पुरवलं. १९७३ साली माकडांवरचे निष्कर्ष आले, मग माणसांवर चाचण्या झाल्या, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी परवानगी दिली. पुढे अ‍ॅलर्गन कंपनीनं ते विकत घेतलं आणि नाव ठेवलं बोटॉक्स.

लक्षात घ्या, सुरुवात सुरकुत्यांपासून झाली नाही. सुरकुत्यांसाठीची अमेरिकन परवानगी २००२ सालची आहे.

घामाची पाळी

काही जणांच्या चेहऱ्याची एक बाजू आपोआप आकसत राहते. त्यांना ही इंजेक्शनं दिली जात होती. ब्रिटनमध्ये खलाफ बुशारा आणि डी. एम. पार्क या डॉक्टरांनी पाहिलं की इंजेक्शन दिलेल्या जागी घाम येईनासा होतो. कागदावर हा साइड इफेक्ट. 'दुष्परिणाम' म्हणून सोडून देता आला असता. त्यांनी १९९४ साली तो छापला, आणि १९९६ साली सहकाऱ्यांसह लिहिलं की काखेच्या घामावर हा नवा उपचार होऊ शकेल. केर्नरचा तर्क १८२२ चा. मधे १७२ वर्षं गेली.

२००१ साली दोन मोठ्या चाचण्या आल्या. पहिली जर्मनीतली, मार्क हेकमान आणि सहकाऱ्यांची, १४५ रुग्णांवर. एका काखेत औषध आणि दुसऱ्या काखेत नुसतं पाणी म्हणावं असं नकली इंजेक्शन. एकाच माणसावर ए-बी टेस्ट! सुरुवातीला घाम सरासरी मिनिटाला १९२ मिलिग्रॅम. दोन आठवड्यांनी औषधाच्या काखेत २४, नकली इंजेक्शनच्या काखेत १४४. दुसरी चाचणी ३२० रुग्णांवर. चार आठवड्यांनी औषध दिलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांचा घाम निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला होता, नकली औषधवाल्यांत ३६ टक्के. २००४ साली एफडीएनं काखेच्या तीव्र घामासाठी परवानगी दिली, लावायच्या औषधानं भागत नसेल तर.

विष आत नेमकं करतं काय, तेही १९९३ साली उलगडलं. नसेच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलीनच्या बारीक पिशव्या असतात. त्या बाहेर रिकाम्या व्हायला स्नॅप-२५ नावाचं प्रथिन लागतं, आणि विष ते प्रथिन कापतं. मेंदू सेंड दाबतोय, पण मेसेज एका टिकवर अडकलाय. घामाची ग्रंथी शाबूत आहे, तिला निरोपच मिळत नाही. काही महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागते, दोन टिक दिसतात आणि घाम परततो.

माझी काख

गेल्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या हसल्या नाहीत. प्रश्न विचारले: पंचविशीच्या आत सुरू झालं का? दोन्ही बाजूंना सारखं आहे का? आठवड्यातून एकदा तरी होतं का? झोपेत थांबतं का? घरात कुणाला आहे? रोजच्या कामात अडतं का? मी सगळ्याला मान हलवत गेलो. दहा वर्षं जे मला माझा गबाळेपणा वाटत होतं, ती एक ओळखीची यादी निघाली.

इंजेक्शनच्या दिवशी काखेला आयोडीन लावलं आणि वरून स्टार्चची पूड भुरभुरली. जिथे घाम, तिथे निळं-काळं. ही युक्ती व्हिक्टर मायनर या रशियन डॉक्टरांची, १९२८ सालची. माझी काख शाईची दौत सांडल्यासारखी दिसत होती. मग त्या डागावर दीड-दोन सेंटिमीटर अंतरानं बारीक सुया, प्रत्येक काखेत पंधरा. चिमटे बसतात, पण सोसवतं.

घरी आईनं बनियनवरचे डाग बघून विचारलं, "हे काय सांडवून आलास?" तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणून मी ब्लाउज कायम गडद रंगाचे शिवते." पन्नाशी उलटलेल्या माझ्या आईनं हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता न लपवता सांगायच्या गोष्टी. हा कायमचा उपाय नाही. माझा घाम सात महिन्यांनी परत आला. खर्च मोठा आहे, माझ्यासारख्या पगारदारालाही दरवर्षी विचार करावा लागतो, आणि ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी अजूनही लावायचं औषधच आहे. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात, म्हणून पार्लरमधल्या स्वस्त ऑफरच्या नादी लागू नका. स्नायू अशक्त करणारे आजार असतील किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि घाम अचानक सुरू झाला, रात्री झोपेत अंथरूण भिजतंय, ताप किंवा वजनात घट आहे, तर तो हा आजार नव्हे. आधी तपासणी करा.

हा इतिहास शोधताना माझ्या एक लक्षात आलं. केर्नरनं घामाची ओळ लिहून ठेवली, कारण त्याला ती क्षुल्लक वाटली नाही. बुशारा आणि पार्क यांनीही तेच केलं. मधल्या काळात ज्ञान कमी होतं असं नाही. मला वाटतं, काखेतला घाम हा कुणी गंभीरपणे विचारावा असा प्रश्नच वाटत नव्हता. आणि आम्ही त्रास असणारेही कोपर अंगाला चिकटवून बसलो होतो.

पुढच्या महिन्यात आईची त्याच मॅडमकडे अपॉइंटमेंट आहे. सध्या तिला लावायचं औषध देतील, पुढचं पुढे. "मी काय बोलू तिथे?" असं तिनं विचारलं, तर मी तिला वरचे सहा प्रश्न कागदावर लिहून दिले. तुम्हालाही हवे असतील तर इथूनच उतरवून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!