टेबलाखालचा इतिहास

आमच्या वाड्यातलं महोगनीचं जेवणाचं टेबल पेशव्यांच्या वेळचं आहे, अशी आमच्या घराण्याची समजूत. पेशवे पाटावर बसून जेवत, ही क्षुल्लक अडचण कुणी काढली नव्हती. १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका साहेबाच्या लिलावातून ते आजोबांनी आणलं, आणि आजोबांशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पुढं वाडा पाडायचं ठरलं. नव्या फ्लॅटमध्ये एक तर टेबल राहील, नाहीतर आम्ही! थोरले बंधू म्हणाले, "विकून टाकू." जुन्या सामानाचे एक व्यापारी आले, टेबलाला टिचक्या मारून बघितल्या आणि म्हणाले, "कारागिराचं नाव काढा, किमतीवर एक शून्य चढेल. नाहीतर लाकडाचा भाव."

एका शून्यासाठी माणूस काय करत नाही! मी बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरलो.

"अहो, काय शोधताय?" सौ.नं वाकून विचारलं.

"इतिहास."

"मग तेवढी जळमटंही काढा."

हे टेबल वाढणारं. टोकाच्या भोकात दांडी घालून फिरवली की पोटातला लोखंडी स्क्रू करकरत उलगडतो, टेबल मधोमध दुभंगतं, आणि त्या फटीत फळ्या बसवायच्या. एका फळीनं सहाचे आठ, दोन फळ्यांनी दहा. त्या स्क्रूवर ग्रीसच्या थराखाली इंग्रजी अक्षरं निघाली: जोसेफ फिटर, बर्मिंगहॅम. "सापडला!" म्हणून मी उठलो आणि डोकं आपटलं.

"फिटर?" बंधू म्हणाले. "अरे, रेल्वेत असेल तो!"

पंधरा दिवस ग्रंथालयात घातले तेव्हा कळलं, की बंधू फारसे चुकले नव्हते. वाढत्या टेबलांचा मोठा मान लँकेस्टरच्या गिलो घराण्याचा. रिचर्ड गिलोनं १८०० साली सरकत्या चौकटीच्या टेबलाचं पेटंट घेतलं. गिलो आपल्या मालावर नावाचा ठसा मारीत, शिवाय वह्यांत चित्र काढून लाकूड किती, मजुरी किती, सगळं टिपून ठेवीत. त्या वह्या लंडनला वेस्टमिन्स्टरच्या दप्तरखान्यात जपल्या आहेत. (आमच्या वाड्याच्या पायाचा हिशोब मात्र एका वाण्याच्या वहीत होता, ती उंदरांनी वाचून काढली.) १८३५ साली रॉबर्ट ज्यूपनं तर गोल टेबलच वाढवलं: फिरवलं की थालीपिठाचे तुकडे दूर सरकावेत तसे भाग बाहेर जातात आणि फटींत फळ्या बसतात.

आणि फिटर? त्यानं १८६१ साली पेटंट घेतलं ते स्क्रूचं! टेबल त्यानं केलेलंच नाही. टेबलं करणारे सुतार अनेक, ते त्याचा स्क्रू विकत आणून बसवीत. चाकांवर कोप अँड कॉलिन्सन हे नाव होतं, पण ते चाकंवाले. थोडक्यात, स्क्रू कोणाचा ते कळलं, चाकं कोणाची ते कळलं, टेबल कोणाचं ते नाही. शिवाय पेशवाई १८१८ साली बुडाली आणि स्क्रू १८६१ नंतरचा, म्हणजे घराणंही बुडालं.

मी शेवटचा म्हणून फळ्या उलट्या करून पाहिल्या. एक महोगनीची. दुसरी मात्र साधं सागवान, पॉलिश गडद करून जुळवलेलं. तिच्यामागे शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, "ही बाजू खाली".

आत्याबाईंना फोन केला. "अरे, साहेबानं एकच फळी दिली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात व्याही आले तेव्हा पानं कमी पडायला लागली. आजोबांनी गल्लीतल्या सुताराला बसवलं, रातोरात केली त्यानं. नाव बाई आता आठवत नाही."

बंधूंनी फळी हातात घेतली, अक्षरांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि व्यापाऱ्याचा नंबर मागितला. त्याला येऊ नको म्हणून सांगायला.

टेबल सध्या फ्लॅटमध्ये आहे, पूर्ण मिटवलेलं. फळ्या पलंगाखाली. स्वयंपाकघरात जायचं तर आम्हाला आडवं होऊन जावं लागतं.