पावागड-चांपानेर परिसरातील पायवाटा: सोप्या, मध्यम आणि कठीण

बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवर, हालोलच्या पुढे, पावागडच्या पायथ्याशी चांपानेर हे छोटे गाव आहे. आपल्या घरांतून पावागडला सगळेच जातात. गाडीने माची, रोपवेने वर, कालिकामातेचे दर्शन आणि परत. मधला गड मात्र बघायचा राहतो. तो पायी पाहू इच्छिणाऱ्या सभासदांसाठी ही माहिती.

थोडा इतिहास

खीची चौहानांकडून महमूद बेगड्याने १४८४ साली हा गड घेतला आणि चांपानेरला राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने शहर जिंकले आणि त्यानंतर ते ओस पडत गेले. अठराव्या शतकात गड शिंद्यांकडे आला. २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागडला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बडोद्यातून वाहणारी आपली विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते.

१. सोपी वाट: चांपानेरच्या मशिदी

जवळजवळ सपाट. नातवंडे आणि आजी-आजोबा एकत्र जाऊ शकतात. कोटाच्या आतली शहर की मशीद पाहून पूर्वेकडच्या जामा मशिदीत यावे. तिचे दोन उंच मिनार आणि खांबांची दाटी बघायला अर्धा तास ठेवावा. तिथून केवडा आणि नगिना मशिदीपर्यंत झाडीतून चालत जाता येते. रमतगमत तीन तास लागतात. उन्हात सावली कमी मिळते, म्हणून सकाळी लवकर निघावे.

२. मध्यम वाट: माची ते भद्रकाली

माचीपर्यंत वाहनाने जावे. तिथून भद्रकाली मंदिराकडे जाताना सात कमान आणि मकाई कोठार लागतात. कोठार म्हणजे गडावरची धान्याची साठवण. चढ-उतार आहेत, काही ठिकाणी पाऊलवाट दगडांची आहे. रोज तासभर फिरणाऱ्याला जमेल. कड्याच्या बाजूला लहान मुलांचा हात सोडू नये.

३. कठीण वाट: चांपानेर ते शिखर

ही जुनी यात्रेकरूंची वाट. अटक, बुढिया, सदनशाह असे दरवाजे ओलांडत माचीवर, पुढे मौलिया पठारावर आणि शेवटी पायऱ्यांनी कालिकामातेपर्यंत. डोंगर सुमारे आठशे मीटर उंच आहे. पठारावर तलाव आहेत आणि लकुलीशाचे प्राचीन मंदिर आहे. ते चुकवू नये. आमच्या वयाला नुसत्या चढाला तीन ते चार तास लागतात.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही आठजण हीच वाट चढलो. चढताना कुणालाच त्रास झाला नाही, म्हणून उत्साहाच्या भरात उतरतानाही रोपवे नको म्हटले. खाली चहाच्या टपरीवर बसल्यावर लक्षात आले की आम्ही सातच आहोत. आठवे गृहस्थ गुडघा धरून वर एका दरवाजाच्या सावलीत बसले होते. पाणी संपलेले, फोनची बॅटरी गेलेली. दोघे परत चढले. त्यांना आधार देऊन खाली आणेपर्यंत अंधार पडला होता. सुदैवाने पुढे काही झाले नाही. आयुष्यभर बँकेत नोटा दोनदा मोजल्या, त्या दिवशी माणसे एकदाही मोजली नाहीत.

तेव्हापासून आमचे नियम

– वाट ठरवताना चढ नव्हे, उतार विचारात घ्यावा. गुडघे उतरतानाच बोलतात.
– सर्वांत हळू चालणारा पुढे, अनुभवी माणूस शेवटी.
– प्रत्येक दरवाजाशी थांबून माणसे मोजावीत.
– माणशी किमान दोन लिटर पाणी. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नये.
– कठीण वाटेला सूर्योदयाच्या सुमारास निघावे. उतरताना माचीहून वाहन घेण्यात कमीपणा नाही.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण दगड निसरडे होतात. तेव्हा पहिलीच वाट बरी. चैत्र आणि आश्विन नवरात्रात फार गर्दी असते, त्या दिवसांत दर्शनालाच जावे, भटकंतीला नको.

प्रथम जाणाऱ्या कुटुंबांनी पहिल्या वाटेपासून सुरुवात करावी. गड कुठे जात नाही. पुढच्या हिवाळ्यात दुसरी वाट करता येईल.