विमानातील आसन आणि अपंग बालक : एका हक्काच्या घडणीचा इतिहास (१९७३ ते २०२४)

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. या घटनेचा आर्थिक आणि तांत्रिक इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. मात्र विमानात कोण बसू शकते, कोठे बसू शकते आणि कोणाला बसू दिले जात नाही, या प्रश्नाचा सामाजिक इतिहास तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक मर्यादित भाग घेतला आहे. स्वतःचे धड सावरू न शकणाऱ्या, चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असणाऱ्या किंवा अनोळखी गर्दीत बिथरणाऱ्या बालकाला घेऊन प्रवास करणाऱ्या कुटुंबास योग्य आसन मिळण्याचा हक्क कसा घडत गेला, हा तो भाग होय.

या हक्काचा उगम एका ठिकाणी सापडत नाही. एक प्रवाह अपंग प्रौढांच्या, विशेषतः युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या नागरी हक्क चळवळीतून आला. दुसरा बालकांच्या सुरक्षिततेच्या चिंतेतून आला. पहिल्या प्रवाहाच्या डोळ्यांसमोर प्रौढ प्रवासी होता, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर निरोगी तान्हे मूल. अपंग बालक या दोहोंच्या मधल्या पोकळीत दीर्घकाळ राहिले, असे या इतिहासाच्या अभ्यासातून दिसून येते.

आसनाचा प्रश्न नेमका कोणता ?

बाहेरून पाहणाऱ्यास हा प्रश्न किरकोळ सोयीचा वाटण्याची शक्यता आहे, म्हणून त्याचे स्वरूप आधी स्पष्ट करणे आवश्यक ठरते. रेल्वेत किंवा मोटारीत अपंग मुलाला आडवे करता येते, मांडीवर घेता येते, वाटेत थांबता येते. विमानात दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलास स्वतंत्र आसनावर, कमरेचा पट्टा बांधून आणि उड्डाण व अवतरणाच्या वेळी पाठ सरळ ठेवून बसावे लागते. मेंदूचा पक्षाघात किंवा स्नायूंचा क्षय झालेल्या मुलाच्या मानेला व पाठीला टेका देणारी खास खुर्ची मालाच्या कक्षात जाते. उरते ते सर्वांसाठी एकाच मापाचे बनवलेले आसन. त्यावर कमरेचा पट्टा बांधला तरी मूल बाजूला किंवा पुढे कलंडतेच.

रांग निवडतानाही पेच उभा राहतो. केबिनच्या भिंतीमागच्या पहिल्या रांगेत पायांपुढे मोकळी जागा असते. परंतु त्या रांगेत जेवणाचा फळा हातटेकूतच बसवलेला असल्याने तो हातटेकू बहुधा वर उचलला जात नाही, आणि मुलाला त्यावरून उचलून पलीकडे ठेवावे लागते. मार्गिकेच्या कडेचे आसन उचलून ठेवण्यास सोयीचे असते. पण मूल बालआसनात बसणार असेल तर इतरांच्या बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा नको म्हणून त्याला खिडकीकडे बसविण्याचा संकेत आहे. आपत्कालीन दरवाजाजवळची ऐसपैस रांग तर मुलांना आणि अपंगांना मुळातच वर्ज्य आहे. या प्रत्येक नियमाचे स्वतंत्र समर्थन करता येते. मात्र ते सगळे एकत्र आले की वीस किलोंचे मूल हातांवर तोलून अरुंद मार्गिकेत उभ्या असलेल्या आईला नेमकी कोणती जागा मागावी हे कळेनासे होते.

प्रौढांचा लढा व १९८६चा कायदा :

अमेरिकेत १९७३च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ अन्वये, केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई करण्यात आली. विमान कंपन्या या कलमाखाली येतात काय, हा वादाचा मुद्दा ठरला. त्या काळच्या नागरी विमान मंडळाने १९८२ मध्ये नियम केले, पण ते मुख्यतः थेट अनुदान घेणाऱ्या कंपन्यांपुरते मर्यादित ठेवले. पक्षाघात झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने याविरुद्ध दाद मागितली. विमानतळ आणि धावपट्ट्या सार्वजनिक निधीतून उभ्या राहतात, त्याचा लाभ प्रत्येक कंपनीस होतो, सबब प्रत्येक कंपनी कायद्यास बांधील आहे, हा संघटनेचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयाने तो मान्य केला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने तो फेटाळला. निधी विमानतळास मिळतो, कंपनी ही केवळ लाभधारक आहे, ग्राहक नव्हे, असा सूक्ष्म भेद न्यायालयाने केला.

या पराभवाचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. अवघ्या काही महिन्यांत अमेरिकी संसदेने विमानसेवा प्रवेशसुलभता कायदा संमत केला व राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २ ऑक्टोबर १९८६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकेचा सर्वसाधारण अपंगत्व कायदा १९९० चा आहे. म्हणजे विमानप्रवासाचा हक्क त्याच्या चार वर्षे आधी आला, ही बाब उल्लेखनीय आहे.

कायद्याखालील नियम मार्च १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तीस किंवा अधिक आसनांच्या नव्या विमानांत मार्गिकेकडील किमान निम्म्या आसनांचे हातटेकू उचलता येण्याजोगे असावेत, अशी अट त्यांत होती. आसनवाटपाचा सविस्तर नियम १९९८ मध्ये आला. त्यानुसार स्थिर हातटेकू ओलांडता न येणाऱ्या प्रवाशास उचलत्या हातटेकूची रांग, सोबत परिचारक असल्यास त्यास लगतचे आसन, आणि पाय वाकवता न येणाऱ्यास मोकळ्या जागेचे आसन देणे कंपनीवर बंधनकारक झाले. एका तिकिटावर एकापेक्षा अधिक आसने देण्याची किंवा वरच्या वर्गात बसविण्याची सक्ती मात्र नव्हती.

हे नियम बारकाईने वाचले असता त्यांच्यामागील प्रवाशाची प्रतिमा स्पष्ट होते. तो प्रवासी अरुंद चाकखुर्चीवरून मार्गिकेतून येतो, हातटेकू उचलतो व हातांच्या बळावर आसनावर सरकतो. तो स्वतःची गरज स्वतः सांगतो आणि सरळ बसू शकतो. सैनिकांनी लढविलेल्या लढ्यातून आलेल्या नियमाने सैनिकाचे शरीर गृहीत धरावे, यात अस्वाभाविक काही नाही. पण सात वर्षांच्या, मान न धरणाऱ्या मुलीसाठी मार्गिकेकडचा उचलता हातटेकू पुरेसा ठरत नाही, हेही तितकेच खरे.

सुरक्षिततेचा दुसरा प्रवाह :

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० जातीचे विमान आयोवा राज्यातील सू सिटी येथे कोसळले. विमानातील २९६ जणांपैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. चार लहान मुले स्वतंत्र आसनाविना प्रवास करीत होती व तत्कालीन सूचनेप्रमाणे आघातापूर्वी त्यांना पालकांच्या पायांशी जमिनीवर ठेवण्यात आले होते. त्यांतील एक मूल दगावले. या विमानातील ज्येष्ठ सेविका जॅन ब्राऊन यांनी पुढे अनेक वर्षे बालआसनाच्या सक्तीसाठी पाठपुरावा केला. १९९२ मध्ये नियम झाला तो निम्मा : पालकांनी मुलाचे तिकीट काढले असल्यास मान्यताप्राप्त बालआसन वापरण्यास कंपनीने हरकत घेऊ नये, एवढेच ठरले. २००५ मध्ये हवाई प्रशासनाने सक्तीचा विचार सोडून दिला. तिकिटाचा भार पडल्यास कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावरील मृत्यू वाढतील, हे त्याचे कारण देण्यात आले.

या वादात अपंग मुलाचा विचार कोठेही केंद्रस्थानी नव्हता, तरी उपयोग मात्र त्याला झाला. मोटारीतील बालआसन विमानात नेता येऊ लागले, आणि त्याची उंच पाठ व खांद्यावरचे पट्टे धड न सावरणाऱ्या मुलासाठी एक तात्पुरती व्यवस्था बनले. २००६ मध्ये अमेरिकी परिवहन खात्याच्या माजी अधिकारी लुईस स्टोल यांनी तयार केलेल्या, आसनाच्या पाठीभोवती बांधावयाच्या ‘केअर्स’ नावाच्या पट्ट्यास मान्यता मिळाली. त्याची मर्यादा सुमारे १० ते २० किलो वजन व साधारण एक मीटर उंची एवढी आहे. ही मर्यादा चार-पाच वर्षांच्या निरोगी मुलास अडचणीची नसते, कारण त्यापुढे त्याला खांद्याच्या पट्ट्याची गरजच राहत नाही. अपंग मुलाचे शरीर मात्र वाढते आणि गरज तेवढीच राहते. नियम वयाचा आणि वजनाचा असतो, अपंगत्व वयाबरोबर सरत नाही. या विसंगतीचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

वैद्यकीय कारणाने सरळ बसू न शकणाऱ्या प्रवाशाच्या आसनाची पाठ, मागच्यांची वाट अडत नसल्यास, उड्डाणाच्या वेळीही कललेली ठेवण्याची मुभा अमेरिकी नियमांत आहे. अशी मुभा पुस्तकात असणे आणि ती दारात उभ्या कर्मचाऱ्यास ठाऊक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या मुलांसाठीचा उपाय राज्यसंस्थेकडून नव्हे तर स्वयंसेवी क्षेत्रातून आला. ब्रिटनमधील मेरू या धर्मादाय संस्थेने सुमारे तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी विमानाच्या आसनावर बसविता येणारी ‘ट्रॅव्हलचेअर’ बनविली व व्हर्जिन अटलांटिकसारख्या कंपनीने ती स्वीकारली.

लगतचे आसन आणि त्याची किंमत :

युरोपीय संघाच्या २००६च्या विनियम क्रमांक ११०७ ने, जो २६ जुलै २००८ पासून पूर्णपणे लागू झाला, सोबत्यास अपंग प्रवाशाच्या शेजारचे आसन देण्यासाठी कंपनीने सर्व वाजवी प्रयत्न करावेत असे म्हटले. ‘वाजवी प्रयत्न’ ही शब्दयोजना हक्कापेक्षा सदिच्छेच्या जवळची आहे. कॅनडाने याच सुमारास अधिक धीट पाऊल टाकले. १० जानेवारी २००८ रोजी तेथील परिवहन अभिकरणाने देशांतर्गत प्रवासासाठी ‘एक व्यक्ती, एक भाडे’ हे तत्त्व मान्य केले. ज्याला परिचारकाशिवाय प्रवास शक्य नाही त्याच्याकडून दुसऱ्या आसनाचे भाडे घेऊ नये, असा त्याचा अर्थ. याचा भार एअर कॅनडावर तिकिटामागे सुमारे ७७ सेंट आणि वेस्टजेटवर ४४ सेंट पडेल, असा अभिकरणाचा हिशेब होता. कंपन्यांनी केलेला अपिलाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाकारला. येथे प्रथमच आसनाकडे विकाऊ वस्तू म्हणून न पाहता प्रवासाची पूर्वअट म्हणून पाहिले गेले.

भारतातील वाटचाल :

भारताच्या १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील कलम ४४ मध्ये विमानांचा स्पष्ट उल्लेख होता. परंतु ही व्यवस्था वाहतूक संस्थांनी ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करावयाची होती, त्यामुळे कलमाचा जोर त्याच वाक्यात ओसरला. १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्र कराराचे अनुसमर्थन केले. त्यानंतर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने अपंग प्रवाशांच्या वाहतुकीसंबंधी २००८ मध्ये नियमावली काढली.

नियमावली असूनही १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या जीजा घोष यांना, आसनावर बसल्यानंतर, विमानातून उतरविण्यात आले. मेंदूच्या पक्षाघातासह जगणाऱ्या घोष या स्वतः अपंगत्व क्षेत्रातील कार्यकर्त्या असून गोव्यातील परिषदेला चालल्या होत्या. मुंबईत १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्थापन केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी, म्हणजेच आजची अडॅप्ट ही संस्था, त्यांच्यासोबत याचिकाकर्ती होती. २०१४ मध्ये नियमावली सुधारली गेली. १२ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती सिक्री व अग्रवाल यांच्या पीठाने दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि प्रश्न दयेचा नसून मानवी प्रतिष्ठेचा आहे, अशी भूमिका घेतली. बालपणापासून ‘विशेष’ गणल्या गेलेल्या असंख्य मुलांच्या पालकांना या निकालाने पहिल्यांदा एक आधार दिला, हे त्याचे महत्त्व केवळ भरपाईच्या रकमेवरून मोजता येणार नाही.

तथापि ७ मे २०२२ रोजी रांची विमानतळावर एका अपंग किशोरवयीन मुलास, तो घाबरलेला असल्याचे कारण देऊन, हैदराबादच्या विमानात प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या आईवडिलांनीही प्रवास सोडला. महासंचालनालयाने संबंधित कंपनीस पाच लाख रुपयांचा दंड केला आणि सहानुभूतीने हाताळणी झाली असती तर मूल शांत झाले असते, असा अभिप्राय नोंदविला. जुलै २०२२च्या दुरुस्तीने अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारण्यास मनाई केली. प्रवासात प्रकृती बिघडेल असे कंपनीस वाटल्यास डॉक्टरांनी प्रवाशास प्रत्यक्ष तपासून स्पष्ट मत द्यावे आणि नकार दिल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत, असे ठरले. निर्णयाचा अधिकार दारावरील कर्मचाऱ्याच्या नजरेकडून वैद्यकीय तपासणीकडे सरकला. रांचीच्या मुलाचा प्रश्न मात्र मुळात वैद्यकीय नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

खुर्चीसह आसन :

अलीकडच्या काळात मुलाला विमानाच्या आसनात बसविण्याऐवजी त्याची स्वतःची खुर्चीच केबिनमध्ये का बांधू नये, असा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतील ‘ऑल व्हील्स अप’ ही या मागणीसाठी काम करणारी संस्था अपंग मुलाच्या आईने, मिशेल अर्विन यांनी, सुरू केली. २०१८च्या कायद्यान्वये झालेल्या अभ्यासात, २०२१ मध्ये, या कल्पनेत दुर्लंघ्य तांत्रिक अडथळा दिसत नसल्याचा निष्कर्ष निघाला. जून २०२३ मध्ये हॅम्बर्ग येथील प्रदर्शनात डेल्टा कंपनीच्या उपसंस्थेने, दुमडून खुर्चीला जागा करून देणाऱ्या आसनाचा नमुना मांडला. सैनिकांच्या लढ्यातून सुरू झालेली ही वाटचाल येथे प्रथमच एका मुलाच्या गरजेपासून पुढे निघाली, असे म्हणता येईल.

भारतात एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने निर्देश दिला की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच आरक्षणातील किमान एका पालकाच्या शेजारी आसन द्यावे. आसननिवडीचे वेगळे शुल्क न भरणारी कुटुंबे विखुरली जात असल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. निर्देशाचा आधार वय हाच आहे. पालकाच्या हाताच्या आधाराशिवाय सरळ बसू न शकणारे मूल तेराव्या वर्षी या निर्देशाच्या कक्षेबाहेर जाते, आणि त्याच्या पालकांना पुन्हा २००८च्या नियमावलीपासून सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेतील तरतुदी दाखवून शेजारचे आसन मागावे लागते.